विश्लेषण : चालून आलेली नोकरी स्पिनोझाने का नाकारली?

तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद, नियमित पगार आणि थेट राज्यकर्त्याचे निमंत्रण. भिंगे घासून पोट भरणाऱ्या बारूख स्पिनोझाला १६७३ मध्ये ही संधी चालून आली होती. त्याने ती नम्रपणे नाकारली.

कोण होता स्पिनोझा?

१६३२ मध्ये अॅमस्टरडॅममधील पोर्तुगीज ज्यू व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. पाखंडी मतांचा ठपका ठेवून १६५६ मध्ये समाजाने त्याला बहिष्कृत केले. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. पुढे दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शकांची भिंगे बनवणे आणि मित्रांची थोडी मदत, यावर त्याची गुजराण चाले. १६७० मध्ये त्याने विचारस्वातंत्र्याची बाजू मांडणारा ग्रंथ स्वतःचे नाव न छापता प्रसिद्ध केला. पण लेखक कोण, हे फार काळ लपले नाही.

प्रस्ताव काय होता?

जर्मनीतील पॅलॅटिनेटचा शासक कार्ल लुडविग याच्या वतीने हायडेलबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक फाब्रित्सियसने फेब्रुवारी १६७३ मध्ये पत्र पाठवले. पगार इतर प्राध्यापकांइतकाच आणि विचार मांडण्याची पूर्ण मोकळीक. अपेक्षा एकच : राज्यमान्य धर्माला धक्का लावण्यासाठी या मोकळिकीचा गैरवापर होऊ नये.

नकार कसा दिला?

स्पिनोझाने सुमारे सहा आठवडे विचार केला. उत्तरात आधी आभार मानले. प्राध्यापक व्हायची इच्छा असती तर हेच पद निवडले असते, असे कळवले. मग दोन कारणे दिली. शिकवण्यात वेळ गेला तर स्वतःचे चिंतन मागे पडेल. आणि धर्माला धक्का न लावण्याची मर्यादा नेमकी कुठे संपते, हे आपल्याला ठाऊक नाही. एकांतात राहूनही आपल्या लिखाणावरून वाद होतात, मग अशा पदावर किती होतील, ही भीती त्याने लपवली नाही. याहून मोठ्या पदाची आशा नाही, फक्त शांतता हवी, हेही त्याने स्पष्ट केले. कोणावर टीका नाही, खोटी सबब नाही.

पुढे काय झाले?

१६७४ मध्ये हॉलंडमध्ये त्याच्या ग्रंथावर बंदी आली. १६७७ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, हेग येथे त्याचा मृत्यू झाला. ज्या कामासाठी त्याने वेळ राखला होता, तो ‘एथिक्स’ हा ग्रंथ मित्रांनी त्याच वर्षी छापला. आज तो जगभरातील विद्यापीठांत शिकवला जातो.