सर नॉर्मन लॉकियर

आमच्या लोहा गांवाचें नांव घेतांच धातूची आठवण होते. ज्याचें नांव धातूसारखें पण गुण अधातूचे, असें एक मूलद्रव्य आहे, तें हेलियम. त्यास हें नांव देणारे सर नॉर्मन लॉकियर यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें.

त्यांचा जन्म १८३६ सालीं इंग्लंडांतील रग्बी येथें झाला. दिवसा युद्धखात्यांत कारकुनी करावी व फावल्या वेळीं दुर्बिणींतून आकाश पाहावें, असा त्यांचा क्रम असे. ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं आपल्या देशांत खग्रास सूर्यग्रहण झालें. त्या वेळीं जान्सेन या फ्रेंच पंडितांनीं गुंटूर येथें सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून तपासला, व ग्रहणावांचूनही तो पाहतां येतो हें सिद्ध केलें. इंग्लंडांत लॉकियर यांनीं ऑक्टोबरांत स्वतंत्रपणें तेंच साधलें. दोघांचीं वृत्तें पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें एकाच दिवशीं आलीं, व श्रेय दोघांस मिळालें.

त्या प्रकाशांत एक पिंवळी रेघ होती. मिठांतील सोडियमच्या दोन पिंवळ्या रेघा तिच्या शेजारींच असतात. पण ही त्यांच्या जागीं बसेना. कोणत्याही ज्ञात पदार्थाशीं ती जुळेना, तेव्हां लॉकियर यांनीं नवें मूलद्रव्य मानलें. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्यास नांव दिलें, व तें धातु असावें या समजुतीनें सोडियमप्रमाणेंच त्या नांवाचा शेवट केला. पुष्कळ रसायनज्ञांना हें पटलें नाहीं. जो पदार्थ कोणी तोलला नाहीं, हुंगला नाहीं, तो आहे असें म्हणणें धाडसाचेंच होतें!

सत्तावीस वर्षें अशीं गेलीं. १८९५ सालीं रॅम्झे यांना युरेनियमच्या एका खनिजांतून निघालेल्या वायूंत तीच रेघ दिसली. आतां गुण पाहतां आले. धातूची चकाकी नाहीं. रंग, वास, चव यांपैकीं कांहीं नाहीं. हायड्रोजनखेरीज याहून हलका वायु नाहीं, आणि हायड्रोजन पेटतो तसा हा पेटत नाहीं. शून्याखालीं २६९ अंशांपर्यंत थंड केल्यावर १९०८ सालीं लीडन येथें त्याचा प्रथम द्रव झाला. तात्पर्य, तो अधातु ठरला. नांव मात्र तसेंच राहिलें.

ता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं लॉकियर आपल्या कोंकणांत विजयदुर्गच्या किल्ल्यावर आले. आरमारी खलाशांनीं त्यांना यंत्रांच्या कामीं साह्य केलें. हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला, असें पुष्कळदां सांगतात. तें बरोबर नाहीं, कारण ती रेघ तीस वर्षांपूर्वींच दिसली होती. किल्ल्याचा मान त्यामुळें उणा होत नाहीं.

'नेचर' हें विज्ञानाचें प्रसिद्ध साप्ताहिक त्यांनींच १८६९ सालीं काढलें. ता. १६ ऑगस्ट १९२० रोजीं डेव्हन परगण्यांत, स्वतः उभारलेल्या वेधशाळेजवळच्या आपल्या घरीं ते निवर्तले.