कराची ते मुंबई : सव्वासात तास
(जे. आर. डी. टाटा)



मागच्या महिन्यात बाईंनी फळ्यावर एक गणित घातले. विमान सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून निघाले व दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईला उतरले, तर किती वेळ लागला? मी भराभरा वजाबाकी केली अन् पावणेपाच तास लिहून मोकळा झालो. सगळा वर्ग हसला. दुपारचा १ म्हणजे १३, हेच मी विसरलो होतो. बरोबर उत्तर सव्वासात तास.

मग बाईंनी सांगितले, की हे विमान खरोखरच उडाले होते. ते चालवणारे जे. आर. डी. टाटा. त्यांची माहिती मी मिळवली, ती अशी.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. लहानपणी फ्रान्समध्ये विमाने पाहून त्यांना उडण्याचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला हा पहिलाच परवाना!

त्या काळी विलायतेचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. ते पुढे लवकर न्यावे म्हणून टाटांनी विमानसेवा काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः, एकटेच, पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून सुमारे २५ किलो टपाल घेऊन निघाले. विमानाला इंजिन एकच. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले. ते पेट्रोल आले कशातून? बैलगाडीतून! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पूर्वी कापूस जिनात जायचा, तसेच. नंतर ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. अंतर सुमारे हजार किलोमीटर. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानावर उतरवत. पण टपाल थांबू देत नसत.

एवढी घाई कशासाठी, हे मला आजीमुळे समजले. तिचा भाऊ मुंबईला कामाला होता. तो लई आजारी असल्याचे पत्र घरी आले, अन् आजी चार दिवस जेवली नाही. पत्र वाटेतच रखडले होते. ते आले तेव्हा भाऊ बरा होऊन कामावरसुद्धा गेला होता! टपालाच्या थैलीत नुसते कागद नसतात, कोणाचा तरी जीव टांगलेला असतो.

हीच कंपनी १९४६ साली एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९८२ साली टाटांनी वयाच्या ७८ व्या वर्षी कराची-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने, छोट्या विमानातूनच केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, कराची-मुंबई अंतर तेव्हा होते तेवढेच आज आहे. जेट विमानाला मात्र ते दीड-दोन तासांचे. अंतर कमी होत नाही, वेळ कमी करता येतो. त्यासाठी कोणाला तरी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी निघावे लागते.

आता मी वेळेचे गणित चुकत नाही. अन् शाळेतही घंटेआधी येतो!