विजेच्या वाटा मोजणारा शिक्षक

मुलांनो, तुम्ही वर्गात येता, भिंतीवरचे बटण दाबता आणि दिवा लागतो. दुसरे बटण दाबले की पंखा फिरू लागतो. पंखा बंद केला तरी दिवा चालूच राहतो. असे का होते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? दिवा आणि पंखा यांना वीज मिळण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात. अशा जोडणीला समांतर जोडणी म्हणतात. या वाटांचा हिशोब ज्या नियमामुळे करता येतो, तो नियम एका शाळामास्तरांनी शोधून काढला. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन या गावी झाला. त्यांचे वडील कुलपे बनवणारे कारागीर होते. त्यांना फारसे शिक्षण मिळाले नव्हते. पण त्यांनी स्वतःच्या मेहनतीने गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. सात भावंडांपैकी तिघेच जगली. वडिलांनी जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन या दोघांना घरीच गणित शिकवले. पुढे मार्टिनही गणितज्ञ झाला.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. परंतु तेथे त्याचे मन अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड आणि बर्फावरून घसरण्याचा खेळ यांत अधिक रमू लागले. वडील रागावले. जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले. तो स्वित्झर्लंडमध्ये गेला आणि एका शाळेत गणित शिकवू लागला. तेथे मात्र त्याने नोकरी सांभाळून थोर गणितज्ञांचे ग्रंथ वाचले. १८११ साली एरलांगेनला परत येऊन त्याने डॉक्टरेट ही पदवी मिळवली.

१८१७ साली ओहम कोलोन शहरातील एका शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. तारेतून किती वीज वाहील हे कशावर अवलंबून असते, असा प्रश्न त्यांना पडला. वडिलांकडून शिकलेली हातची कारागिरी येथे उपयोगी पडली. पण एक अडचण होती. त्या काळचे विद्युतघट भरवशाचे नव्हते. तार जोडली की त्यांचा जोर कमी होऊ लागे. १८२५ साली ओहम यांनी घाईने एक सूत्र प्रसिद्ध केले, ते चुकीचे निघाले.

ओहम खचले नाहीत. त्यांनी घटाऐवजी तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंची जोडणी वापरली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेवले. तापमानातील हा फरक कायम राहत असल्यामुळे विजेचा जोरही कायम राहिला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी चुंबकसूचीच्या साहाय्याने विद्युतधारा मोजली. आता खरा नियम हाती आला. विद्युतदाब दुप्पट केला तर धारा दुप्पट होते. रोध दुप्पट केला तर धारा निम्मी होते. उर्दूत तुम्ही ज्याला मुजाहमत म्हणता, तोच हा रोध.

आता समांतर जोडणीकडे वळू या. शाळा सुटल्यावर सर्व मुले एकाच फाटकातून बाहेर पडू लागली तर किती दाटी होते! अशा वेळी शेजारचे लहानसे फाटक उघडले तर? ते अरुंद असले तरी दाटी कमीच होते, कारण एक वाट वाढली. विजेचेही तसेच आहे.

हिशोब करून पाहा. ६ व्होल्टच्या बॅटरीला ६ ओहमचा आणि ३ ओहमचा असे दोन रोध समांतर जोडले. दोघांनाही पूर्ण ६ व्होल्ट मिळतात. म्हणून पहिल्यातून १ अँपिअर आणि दुसऱ्यातून २ अँपिअर धारा वाहते. बॅटरीतून एकूण ३ अँपिअर धारा निघते. आता ६ ला ३ ने भागा. एकूण रोध २ ओहम आला. ६ आणि ३ यांची बेरीज ९ होते. पण येथे रोध ९ तर झाला नाहीच, उलट तो ३ पेक्षाही कमी झाला! म्हणूनच एकाच प्लगवर खूप उपकरणे लावली, तर वाटा वाढून एकूण रोध कमी होतो, धारा वाढते आणि तारा तापतात. यातून आगही लागू शकते. ही गोष्ट घरी सर्वांना जरूर सांगा.

१८२७ साली ओहम यांनी आपला सिद्धांत ग्रंथरूपाने बर्लिन येथे प्रसिद्ध केला. विद्यापीठात मोठी जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती. पण जर्मनीतील विद्वानांनी त्या ग्रंथाची कदर केली नाही. १८२८ साली ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. काही वर्षे त्यांना लहानसहान शिकवण्यांवर काढावी लागली. शेवटी १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांना स्थिर नोकरी मिळाली.

कदर झाली ती परदेशात. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. १८५२ साली म्युनिक विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. तरुणपणी पाहिलेले स्वप्न पूर्ण झाले, तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८८१ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव देण्यात आले.

मुलांनो, पहिले सूत्र चुकले तेव्हाच ओहम यांनी प्रयोग सोडून दिला असता तर? तुमचेही एखादे गणित चुकेल. तेव्हा वही मिटू नका. चूक कुठे झाली ते शोधा आणि पुन्हा मांडणी करा. आणि आज घरी गेल्यावर दिव्याचे बटण दाबाल, तेव्हा कुलपे बनवणाऱ्या कारागिराच्या या मुलाची आठवण ठेवा.