परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे



गेल्या वर्षी जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या उरणमधील एक गृहस्थ मशिदीत थांबून राहिले. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि तिला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावयाचा होता. मुलीने शिकावे, हे वडिलांना मान्य होते. परंतु रात्रपाळी, परक्या रुग्णांची सेवा, वसतिगृहातील वास्तव्य आणि मोहल्ल्यातील कुजबुज यांची त्यांना धास्ती वाटत होती. मी त्यांना एका स्त्रीचे चरित्र सांगितले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो. ती स्त्री आपल्या धर्माची नव्हती. परंतु ज्या भीतीने त्या पित्याला ग्रासले होते, तिच्याशी तिने याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी सामना केला होता.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने स्वतः त्यांना शिकवावयास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, पानावर बसताना होणारा अपमान हे सारे रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर त्यांनी दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. पुढे त्या मराठीत लिहू लागल्या, इंग्रजी शिकल्या, सभेत बोलू लागल्या. वाचकहो, हा धडा ध्यानी असू द्या. घरच्यांचा मान राखूनही योग्य मार्गावर ठाम राहता येते.

1901 च्या जानेवारीत न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाई मुंबई सोडून पुण्यास आल्या आणि काही काळ समाजापासून दूर राहिल्या. त्या काळच्या विधवेने आयुष्याचा उरलेला भाग कोपऱ्यात बसून काढावा, अशीच लोकांची अपेक्षा होती. रमाबाईंनी निराळा मार्ग स्वीकारला. त्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटू लागल्या, रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस करू लागल्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. त्या कार्यात गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे मोठे सहकारी होते.

याच संस्थेने 1911 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. आज ही गोष्ट साधी वाटेल. तेव्हा ती तशी नव्हती. परक्याच्या जखमेला हात लावणे, जातपात न पाहता आजाऱ्याची घाण काढणे, हे कुलीन घरच्या स्त्रीचे काम नव्हे, असे मानले जात असे. रमाबाईंनी दया दाखवा, एवढेच सांगून विषय सोडला नाही. त्यांनी व्यवस्था उभारली. शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि त्यांच्यावर वडिलकीची देखरेख ही संस्थेची जबाबदारी ठरली. रुग्णशय्येजवळचे प्रत्यक्ष शिक्षण रुग्णालयात मिळू लागले. आईबाप आणि सासर यांना विश्वास वाटावा, असे हे सारे होते.

तरीही उपहास चुकला नाही. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. संस्थेच्या वार्षिक समारंभात जुन्या रिवाजाच्या वेषातील एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यावयास व्यासपीठावर आली, तेव्हा सभेतील काही सुशिक्षित तरुणांनी तिची टर उडविली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई त्या दिवशी संतापल्या. त्यांनी त्या तरुणांना सर्वांसमक्ष त्यांच्या शिक्षणाची लाज दाखविली आणि अशी दुर्दैवी स्त्री कोणाच्या घरात नाही, असे विचारले. सभा निःशब्द झाली.

1924 मध्ये त्या निवर्तल्या. 1962 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांच्या मागे राहिलेली परंपरा मात्र तिकिटाहून मोठी आहे. परिचर्या हे केवळ पुण्यकर्म राहिले नाही. ते शिकून, परीक्षा देऊन करावयाचे काम झाले. 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. 1947 मध्ये शिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा राहावा म्हणून भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आज पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि पदवीनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज काम करता येत नाही. हे नियम जाचक वाटू शकतील; पण औषधाची मात्रा चुकली तर प्राण जातो. जेथे प्राण सोपविला जातो, तेथे नुसती माया पुरत नाही, ज्ञान लागते.

आणि आपल्याला हे नवे का वाटावे? खंदकच्या युद्धात हजरत सअद बिन मुआज (रजि.) बाणाने जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवविले. हा तंबू मस्जिद-ए-नबवीतच होता. जखमींची सेवा करणाऱ्या त्या स्त्रीला मशिदीत जागा मिळाली होती, आणि प्रेषित (स.) सकाळ-संध्याकाळ तेथे रुग्णाची विचारपूस करीत. ज्या कामाला तेथे स्थान मिळाले, त्या कामाला आपल्या मोहल्ल्यात कमीपणा कसा येईल?

उरणकरांना तर हे अधिक जाणवावे. अनेक वर्षे गंभीर रुग्णाला मुंबईस न्यायचे म्हणजे मोरा बंदरातून लाँच धरून भाऊचा धक्का गाठावा लागे. आज रस्ता आणि रेल्वे झाली. परंतु आपली आई किंवा बहीण आजारी पडली, की तिच्या खाटेशी एक जाणती स्त्री असावी, असे आपल्यातील प्रत्येकाला वाटते. आपण सर्वांनीच आपापल्या मुली घरी ठेवल्या, तर ती जाणती स्त्री येणार कोठून?

त्या गृहस्थांना मी एवढेच सुचविले की, पत्नीसह जाऊन महाविद्यालय आणि वसतिगृह स्वतः पाहून यावे, संस्थेला मान्यता आहे की नाही याची खात्री करावी, नमाज, पोशाख आणि रात्रपाळीच्या ये-जा यांविषयी मोकळेपणाने विचारावे आणि मगच ठरवावे. ते दोघे पाहून आले. मुलगी आता पहिल्या वर्षात शिकत आहे.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यातही अशी एखादी मुलगी असेल. तिच्या पित्याला कुजबुज ऐकवू नका; त्याच्याबरोबर वसतिगृह पाहावयास जा. अल्लाह आपणा सर्वांना सत्कर्माची सद्बुद्धी देवो. आमीन.