थोर गणिती भास्कराचार्य

दिवाळीत आईने ताटात रचलेली लाडवांची त्रिकोणी रास आठवा. सगळ्यात वर एक लाडू, त्याखाली तीन, त्याखाली सहा, मग दहा. असे नऊ थर असतील तर लाडू एकूण किती? एकेक मोजू गेलात तर आतले दिसणारच नाहीत! लाडवांचे नाव न घेता नेमका हाच हिशेब भास्कराचार्यांनी 'लीलावती'त विचारला आहे.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी खानदेशातले पाटण म्हणतात, कोणी विजापूर. (दोन्हीकडची मंडळी हक्क सोडायला तयार नाहीत!) वडील महेश्वर हे ज्योतिषी, आणि तेच भास्करांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सन ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ रचला. 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग. पुढे बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

'लीलावती'त श्रेढी नावाचे प्रकरण आहे. ठरावीक रीतीने वाढत जाणाऱ्या संख्यांची बेरीज कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. एक गृहस्थ पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान देतो आणि रोज ५ ने वाढवतो, तर पंधरा दिवसांत किती दिले? शेवटच्या दिवसाचे ७४. पहिले आणि शेवटचे मिळवून निम्मे केले की मधले ३९. त्याला १५ ने गुणले की ५८५. पंधरा आकडे मांडायची गरजच उरली नाही.

आता आपले लाडू. एक ते नऊची बेरीज ४५, कारण ९ गुणिले १० चे निम्मे. याला संकलित म्हणतात, आणि तोच खालच्या थराचा आकडा. थरांची संख्या ९, तीत २ मिळवले की ११. आता ४५ ला ११ ने गुणून ३ ने भागा. उत्तर १६५. खोटे वाटत असेल तर १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६, ४५ यांची बेरीज करून पाहा. अशा राशीचा नियम आर्यभटानेही दिला होता. पण भास्करांनी तो शिकणाऱ्याला गोडी लागेल अशा श्लोकांत बसवला, म्हणून तो शेकडो वर्षे मुलांच्या तोंडी राहिला.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मूळ ग्रंथात ती नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने सन १५८७ मध्ये फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. गोष्ट सुंदर आहे, पण ती इतिहास म्हणून सांगू नये असे मला वाटते.

सन ११८३ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. ग्रंथ लिहून झाले, पण छापखाना नसलेल्या त्या काळात ते टिकणार कसे? कोणीतरी शिकले, शिकवले, नकलून घेतले तरच. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित झाला. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे मठ, म्हणजे पाठशाळाच, काढली. निकुंभ घराण्यातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये तिला दान दिले. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण देणग्यांचा तपशील मात्र गावच्या लोकांना कळावा अशा मराठीत. बाजारातल्या खरेदी-विक्रीवर काही देणे आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल पाठशाळेला.