न संपलेला प्रोजेक्ट

सबमिशन म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. रात्री दोन वाजता कुणाची तरी फाइल मागून आणायची, जर्नल उतरवून काढायचं, सकाळी सरांची सही घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत तो विषय डोक्यातून हद्दपार करायचा, ही तर हॉस्टेलची परंपराच! पण कॉलेजात मिळालेला एक प्रोजेक्ट ज्याने वीस वर्षे सोडला नाही आणि शेवटी त्यातच ज्याचा जीव गेला, असाही एक विद्यार्थी होऊन गेला. नाव रिचर्ड निकेल, गाव अमेरिकेतले शिकागो. त्याचे काम एकच होते. पाडायला काढलेल्या इमारतींचे फोटो काढायचे, त्या जमीनदोस्त होण्याच्या आत.

शिकागो म्हटलं की आपल्याला आठवतात स्वामी विवेकानंद आणि १८९३ ची धर्मपरिषद. पण आपण इंजिनीअरिंगवाले, तेव्हा आपल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. १८७१ साली या शहरात प्रचंड आग लागली आणि मधला मोठा भाग बेचिराख झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे लोखंडी-पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. आजच्या गगनचुंबी इमारतींचे पाळणाघर म्हणा ना! त्या काळातली एक जोडी फार गाजली. डँकमार अ‍ॅडलर हा इंजिनीअर आणि लुई सलिव्हन हा वास्तुकार. अ‍ॅडलरने पाया, सांगाडा आणि नाट्यगृहातला आवाज सांभाळायचा, सलिव्हनने इमारतीला रूप द्यायचे. भाजलेल्या मातीत, गिलाव्यात आणि ओतीव लोखंडात त्याने पानाफुलांची अशी नक्षी घडवली की भिंतीला पालवी फुटल्यासारखी वाटावी. प्रसिद्ध वास्तुकार फ्रँक लॉइड राइट याच ऑफिसात उमेदवारी करून पुढे आला.

पण दिवस कुणाचेच सारखे राहत नाहीत. लोकांची आवड बदलली, भागीदारी मोडली, सलिव्हनला कामे मिळेनाशी झाली. १९२४ साली तो गरिबीतच वारला. त्याच्या इमारती मात्र उभ्या होत्या. काजळीने काळवंडलेल्या, अर्ध्या रिकाम्या, दर्शनी भागावर जाहिरातींचे फलक ठोकलेल्या.

रिचर्डचा जन्म ३१ मे १९२८ चा, शिकागोतल्या एका पोलिश वंशाच्या साध्या कुटुंबातला. लष्करात काही काळ काढल्यावर माजी सैनिकांना सरकारी खर्चाने शिकायची सोय होती, तिचा फायदा घेऊन तो इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये फोटोग्राफी शिकायला गेला. ही संस्था पुढे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सामील झाली, म्हणजे तोही एका अर्थी टेक्निकल कॉलेजचाच पोरगा. हॅरी कॅलहन आणि अ‍ॅरन सिस्किंड हे त्याचे सर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सिस्किंड सरांनी वर्गाला एक प्रोजेक्ट दिला. सलिव्हनच्या इमारतींचे फोटो काढून आणा. पोरांनी काढले, १९५४ साली प्रदर्शन भरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीची मुले आपापल्या वाटेने गेली. रिचर्ड थांबला.

त्याने हाच विषय मास्टर्सच्या प्रबंधाला घेतला आणि १९५७ साली पदवी मिळवली. पण आता त्याला अ‍ॅडलर आणि सलिव्हनच्या झाडून सगळ्या इमारतींचे पुस्तक करायचे होते. मग सुरू झाली शोधाशोध. जुने बांधकाम परवाने, जुनी मासिके, धूळ खात पडलेले नकाशे चाळायचे आणि पत्ता हाती लागला की तिथे जाऊन बघायचे. अशाने कुणाच्या गावीही नसलेल्या काही इमारती त्याने उजेडात आणल्या. वर्ट डेक्स्टर बिल्डिंग या जोडीची आहे, हे त्यानेच कागद धुंडाळून सिद्ध केले.

त्याची फोटो काढण्याची पद्धतही बघण्यासारखी होती. मोठ्या फिल्मचा जड कॅमेरा तिपाईवर उभा करायचा, लेन्स वरखाली सरकवून इमारतीच्या उभ्या रेषा सरळ आणायच्या आणि मग उन्हाची वाट बघत बसायचे. कोवळे ऊन तिरपे पडले की नक्षीचा उठाव दिसतो, डोक्यावर आले की सगळे सपाट. एका फोटोसाठी पुन्हा पुन्हा त्याच जागी जायची त्याची तयारी असे. आपण मोबाइलवर मिनिटात चाळीस फोटो काढतो आणि नंतर त्यातला एकही बघत नाही, असो!

हे चालू असताना शहर बदलत होते. पैसेवाले लोक उपनगरांत जाऊ लागले, मोटारी वाढल्या, जुन्या मोहल्ल्यांवर सरकारी पुनर्विकासाचा नांगर फिरू लागला. जमिनीचा भाव इमारतीपेक्षा वर गेला की इमारतीचे काय होते ते सांगायला नको. रिचर्ड यादी करत होता आणि यादीतली नावे एकेक करून खोडली जात होती. कित्येकदा तो फोटो काढायला पोचे तेव्हा छप्पर गेलेले असायचे.

१९६० साली पाळी आली गॅरिक थिएटरची. १८९२ ची ही उंच इमारत, पोटात सुंदर नाट्यगृह. स्वभावाने बुजरा असलेला रिचर्ड हातात फलक घेऊन रस्त्यावर उतरला. महापालिकेने आधी पाडकामाचा परवाना नाकारला, मालक कोर्टात गेले आणि निकाल मालकांच्या बाजूने लागला. १९६१ मध्ये गॅरिक पाडले. त्या जागी काय आले? गाड्या ठेवायची इमारत!

इथे रिचर्डच्या कामाला नवे वळण लागले. नुसता फोटो पुरेसा नाही, निदान नक्षीचे तुकडे तरी वाचवू, असे त्याने ठरवले. जॉन व्हिन्सी आणि डेव्हिड नॉरिस या मित्रांना घेऊन पहार, छिन्नी, दोरखंड अशा हत्यारांनिशी तो पाडकाम चालू असलेल्या गॅरिकमध्ये राबला. इथून पुढे हाच त्याचा शिरस्ता झाला. आईवडिलांच्या घरी नक्षीच्या दगडमातीचा ढीग साठला. यातला मोठा संग्रह पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठाने घेतला, म्हणून तो आजही बघता येतो. पैसा मात्र फारसा कधी मिळाला नाही. पुस्तकही पुरे होईना. अजून एक इमारत बघायची राहिली, अजून एक फोटो नीट आला नाही, असे करत वर्षे गेली.

मग आले शिकागो स्टॉक एक्स्चेंज. १८९४ ची तेरा मजली इमारत. सिव्हिलच्या मित्रांनी इथे कान द्यावा. शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची. शेजारी एका वर्तमानपत्राचा छापखाना होता आणि लाकडी खुंट ठोकले तर त्याच्या यंत्रांना हादरे बसणार. तेव्हा त्या बाजूच्या भिंतीखाली खुंट न ठोकता खोल विहिरी खणून त्या काँक्रीटने भरल्या. शहरातल्या इमारतीखाली असा पाया पहिल्यांदाच घातला गेला, आणि पुढे उंच इमारतींसाठी तिथे तीच पद्धत रूढ झाली. वर सौदे चालायचे ते भव्य दालन, त्याच्या भिंती-छतावर पन्नासहून अधिक रंगांत छापलेली नक्षी. १९६८ साली शहराने वारसा-इमारतींचा कायदा केला होता, त्या समितीने ही इमारत वाचवण्याची शिफारसही केली. पण नगरसभेने ती मानली नाही. मालकाला भरपाई कुठून द्यायची, हा प्रश्न होता. १९७१ च्या अखेरीस पाडकाम सुरू झाले.

सौद्याच्या दालनाचे भाग आर्ट इन्स्टिट्यूटसाठी काढून घ्यायचे काम व्हिन्सी आणि रिचर्डने केले. ते संपले तरी त्याचे पाय तिकडे वळतच राहिले. आणखी एखादी कमान, जिन्याचा एखादा कठडा. १३ एप्रिल १९७२ रोजी तो एकटाच आत गेला आणि बाहेर आला नाही. शोधाशोध झाली. तब्बल २६ दिवसांनी, ९ मे रोजी, तळघरातल्या राडारोड्याखाली त्याचा देह सापडला. वरचे बांधकाम कोसळून तो गाडला गेला होता. वय ४३. त्याचे लग्न ठरले होते.

आपल्या अभ्यासक्रमात इमारत उभी कशी करायची ते सगळं आहे, पण अर्धी पाडलेली इमारत कशी वागते हे फारसं कुणी शिकवत नाही. भार ज्या वाटेने खाली जातो ती वाट मध्येच तोडलेली असते. शेजारचा भाग काढल्यावर कमानीला आधार उरत नाही आणि राडारोड्याचे ओझे भलत्याच मजल्यावर साठते. काल ज्या फरशीवर उभे राहिलो ती आज उभी राहू देईलच असे नाही. रिचर्डला हे कळत नव्हते थोडेच? दहा वर्षे तो अशाच जागी वावरला होता. पण ओढ माणसाला भीतीपेक्षा पुढे नेते. त्याचे कौतुक करताना हेही सांगायला हवे की त्या दिवशी त्याच्याबरोबर कुणी नव्हते. पडक्या मिलमध्ये, जुन्या वाड्यात कॅमेरा घेऊन घुसणाऱ्या आपल्या फोटोग्राफी क्लबच्या वीरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

त्याला ग्रेसलँड स्मशानभूमीत पुरले. सलिव्हनही तिथेच विसावला आहे. मित्रांनी त्याच्या नावाने समिती काढली, हजारो निगेटिव्ह जपल्या. सौद्याचे दालन व्हिन्सीच्या देखरेखीखाली आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभे राहिले, तेही वाचवलेल्या तुकड्यांतून. त्याच संस्थेच्या आवारात स्टॉक एक्स्चेंजची प्रवेशकमान उभी आहे. आणि गंमत बघा, धर्मपरिषद भरली होती ती याच संस्थेच्या इमारतीत. आपल्याकडचं कुणी शिकागोला गेलं की विवेकानंद बोलले ती जागा बघून येतं. त्यांना सांगा, चार पावलं पुढे जाऊन ते दालनही बघा.

आणि ते पुस्तक? ते २०१० साली निघाले, रिचर्ड जाऊन ३८ वर्षे झाल्यावर. त्याआधी २००६ या एकाच वर्षात अ‍ॅडलर आणि सलिव्हनच्या तीन इमारतींना आगी लागल्या, त्यात वर्ट डेक्स्टर बिल्डिंगही गेली. त्याने वाचवलेली नव्हे, पण त्याने ओळख पटवून दिलेली इमारत. ती कुणाची होती आणि कशी होती, हे आज सांगता येते ते त्याच्या खटपटीमुळे.

गॅरिक वाचले नाही, स्टॉक एक्स्चेंज वाचले नाही. हिशोब मांडला तर रिचर्ड निकेल बहुतेक लढाया हरला. पण इमारत पाडायला महिने लागतात आणि विसरायला फार तर एक पिढी. त्यातली दुसरी गोष्ट त्याने होऊ दिली नाही.