हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (जन्म: २२ मे, इ.स. १८३१, मृत्यू: ४ मे, इ.स. १८९७) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ व वैद्यकीय चित्रकार होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे त्यांनी काढली. ‘मायसेटोमा’ ही वैद्यकीय संज्ञा त्यांनी मुंबईत असताना सुचवली.

== प्रारंभिक जीवन ==
कार्टर यांचा जन्म इंग्लंडमधील हल येथे झाला. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार होते. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांचा हेन्री ग्रे यांच्याशी परिचय झाला. ग्रे यांच्या ग्रंथाच्या चित्रांबद्दल त्यांना एकरकमी मोबदला मिळाला. विक्रीतील वाटा मात्र मिळाला नाही. १८५८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच ते मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

== ‘मायसेटोमा’ संज्ञेचा उगम ==
अनवाणी काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला काटा रुतल्यावर काही काळाने सूज येई, छिद्रे पडत, त्यांतून काळे वा फिकट कण बाहेर येत आणि हाडे झिजत. पुष्कळदा पाय कापण्यावाचून उपाय नसे. मदुराई येथील नोंदींवरून या रोगास ‘मदुरा पाय’ म्हणत. कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या कणांत बुरशीचे तंतू पाहिले आणि १८६० मध्ये रोगाला गावाऐवजी कारणावरून नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी. ‘ओमा’ हा प्रत्यय गाठ वा सूज दर्शवतो. १८७४ मध्ये त्यांनी या रोगावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

हाच रोग काही जीवाणूंमुळेही होतो, हे पुढे सिद्ध झाले. त्यामुळे ही संज्ञा अर्थाने अपुरी ठरली, तरी ती प्रचारात राहिली. आज ‘युमायसेटोमा’ (बुरशीजन्य) व ‘ॲक्टिनोमायसेटोमा’ (जीवाणुजन्य) असे दोन प्रकार मानतात. पहिल्यावर बुरशीरोधक औषधे, तर दुसऱ्यावर प्रतिजैविके दिली जातात. म्हणून हा भेद रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या रोगाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला.

== पुढील कार्य ==
कार्टर यांनी सातारा येथे सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. १८७३ मध्ये नॉर्वेला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. मुंबईतील पुनरावर्ती ज्वरावरील त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. स्कारबरो येथे त्यांचे निधन झाले.